संयमाचे दहा गुण

शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा तक्रारबाई जिन्यात उभी राहून मनातल्या मनात एक ते शंभर आकडे मोजत होती. राग आवरायचा हा उपाय तिला नवऱ्याने सांगितला होता, आणि तो नवऱ्याने सांगितला म्हणूनच तिला त्या उपायाचा आधीपासून राग होता. सदुसष्टपर्यंत पोचते ना पोचते, तोच वरून पाण्याचा लोंढा आला, पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेला आणि जाताजाता तिची एक चप्पल घेऊन गेला.

तिला तक्रारबाई म्हणत, कारण वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत तिने अकरा वर्षं काढली होती. अकरा वर्षं लोक येऊन तिच्यावर ओरडले आणि तिने ते शांतपणे वहीत लिहून घेतलं. मग एके दिवशी ती वही मिटून उठली आणि साहेबांना म्हणाली की मला आता मोठ्या माणसांचं तोंड बघायचं नाही, मी शिक्षिका होणार. पण शिक्षिका व्हायचं तर परवाना लागतो आणि परवान्याआधी दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. ते प्रशिक्षण सगळं मोठ्या माणसांच्या हातात असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षणात वीस सराव पाठ झाले की शेवटी एक परीक्षा पाठ असतो. परीक्षक मागे बसतो आणि एका तक्त्यात दहा मुद्द्यांना दहा-दहा गुण देतो. त्यातला आठवा मुद्दा ‘भावनिक संयम’. बाकीच्या नऊ मुद्द्यांत पैकीच्या पैकी मिळाले आणि संयमात शून्य पडलं तरी माणूस नापास. हा नियम ज्याने केला त्याला एकदा भेटायची प्रस्तुत लेखकाची फार इच्छा आहे, आणि त्या भेटीत संयमाची हमी देता येणार नाही.

तक्रारबाई या आठव्या मुद्द्यावर दोनदा आपटली होती. पहिल्या वेळी परीक्षकांचा फोन भर वर्गात वाजला, त्यांनी तो घेतला आणि सात मिनिटं घराच्या रंगकामावर चर्चा केली. तिने त्यांना मुलांच्या देखत वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या वेळी तिच्या मार्गदर्शक सरांनी मागच्या बाकावरून तिची आकृती मोठ्याने दुरुस्त केली. ती चालत गेली, खडू त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “या, तुम्हीच शिकवा.” एवढं बोलून ती त्यांच्या जागेवर बसली. दोन्ही वेळा शून्य.

मुलांवर मात्र तिने कधी आवाज चढवला नव्हता. एकदा एका मुलीने तिच्या पाठ टाचणावर उलटी केली. पाठ टाचण म्हणजे कोणत्या मिनिटाला शिक्षिका काय विचारणार आणि मुलं काय उत्तर देणार याचा आधीच लिहून ठेवलेला कागद. तिला तो लिहायला दोन दिवस लागले होते. तिने मुलीचं तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला आणि टाचण पुन्हा लिहिलं. पण त्याला तक्त्यात मुद्दा नव्हता.

आज तिसरी संधी होती, आणि शेवटची. यात नापास झाली तर दोन्ही वर्षं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय घराजवळच्या शाळेने सहावीच्या विज्ञानाची जागा तिच्यासाठी सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. सोमवारी उत्तीर्ण झाल्याचा कागद दाखवा, नाहीतर दुसरं माणूस घेतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आज शुक्रवार होता.

टाकी फुटली म्हटल्यावर मुख्याध्यापिकेने मुलांना घरी सोडलं. चारशे मुलं दहा मिनिटांत फाटकाबाहेर पडली, आणि त्या गर्दीतून उलट्या दिशेने, बॅग डोक्यावर धरून परीक्षक आत आले. बारीक चणीचे, निवृत्त, घड्याळाकडे बघत बोलणारे गृहस्थ होते ते. मुलं नाहीत हे ऐकल्यावर त्यांनी बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं. ते या केंद्रावर फक्त आजच्या दिवस होते, पुढची फेरी सहा महिन्यांनी. पण पुस्तकात सोय होती. खरी मुलं नसतील तर ‘अभिरूप वर्ग’ भरवता येतो. म्हणजे मोठ्या माणसांनी मुलं होऊन बसायचं. किमान वीस जण हवेत, त्यांना हजेरी क्रमांक द्यायचे, त्यांनी वयाला साजेसं वागायचं आणि शिक्षिकेने त्यांना सहावीतली मुलंच समजायचं.

तक्रारबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलांपुढे ती दिवसभर न रागावता उभी राहिली असती. तिचा राग होता तो फक्त मोठ्या माणसांवर, आणि आता वर्ग त्यांचाच भरणार होता.

माणसं गोळा करायला पावणेतीन वाजले. तिच्याबरोबरचे चौदा प्रशिक्षणार्थी तिथेच होते. पंधरावा आला प्रशिक्षण कार्यालयातला कारकून. मग रखवालदार, टाकी बघायला आलेला प्लंबर आणि जिना पुसणाऱ्या मावशी. एकोणिसावा तिचा नवरा, जो बिचारा चपलांचा दुसरा जोड द्यायला आला होता आणि फाटकातच पकडला गेला. विसावं माणूस काही केल्या मिळेना, तेव्हा परीक्षकांनी मार्गदर्शक सरांकडे बोट दाखवलं. सर म्हणाले की आपण या पदावर असताना बाकावर बसणं बरं दिसणार नाही. परीक्षकांनी पुस्तक पुढे केलं. सर बसले.

बाक सहावीच्या मापाचे होते. रखवालदाराचे गुडघे बाकात मावेनात म्हणून तो आडवा बसला. प्लंबरने हातातला पाना दप्तर ठेवावं तसा शेजारी ठेवला. नवरा पहिल्या बाकावर बसून आधीच खुदखुदत होता.

“हजर बाई,” त्याने हजेरीला ओरडून सांगितलं, आणि शेजारच्या मावशींना कोपराने ढोसलं.

तक्रारबाई हसली. हे हसू नवऱ्याने लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं. तो ताठ बसला.

धडा होता पाणी शुद्ध करण्याचा. तिने पहिला प्रश्न विचारला, “मुलांनो, आपल्या घरी पाणी कुठून येतं?” आणि चौदाच्या चौदा प्रशिक्षणार्थी एका सुरात उत्तरले, “गाळणे, निवळणे आणि उकळणे.” हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. या धड्याचं सगळ्यांचं टाचण एकच होतं, तिचंसुद्धा. कुठल्या तरी मागच्या वर्षीच्या हुशार मुलीच्या वहीतून ते सगळ्यांनी उतरवून घेतलं होतं, आणि मदत करायच्या भरात सगळे दोन प्रश्न पुढे निघून गेले होते. तिने दुसरा प्रश्न विचारला, त्यावर चौथ्याचं उत्तर आलं. शेवटी तिने प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि त्यांची उत्तरं संपायची वाट बघितली. तळपायाची आग मस्तकात जात होती, पण चेहरा हसरा होता. परीक्षक लिहीत होते.

मग प्रयोग. काचेच्या भांड्यात फुटक्या टाकीतलंच गढूळ पाणी घेतलं होतं. त्यात तिने तुरटी फिरवली.

प्लंबरने हात वर केला. “बाई, हे नाही निवळायचं. त्या टाकीत नऊ वर्षं कोणी उतरलेलं नाही. एवढ्याशा तुरटीला ते दाद देत नसतं.”

“आपण बघू या हं, बाळा,” तक्रारबाई म्हणाली.

प्लंबर बावन्न वर्षांचा होता. त्याला बाळा म्हणून कैक वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. तो विरघळला आणि गप्प बसला. पण म्हणणं त्याचंच खरं होतं. टाचणात लिहिलं होतं की पाच मिनिटांनी पाणी स्वच्छ होते व विद्यार्थी आश्चर्य व्यक्त करतात. पाच मिनिटं झाली, पाणी होतं तसंच राहिलं, तपकिरी आणि दाट. प्रशिक्षणार्थ्यांनी घड्याळं बघितली आणि ठरल्याप्रमाणे आश्चर्य व्यक्त केलं.

“अरे वा! किती स्वच्छ पाणी!” चौदा जण म्हणाले.

“कुठे?” मावशींनी विचारलं. त्या उठून भांड्याजवळ आल्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या की असल्या पाण्याने मी फरशीसुद्धा पुसणार नाही. तक्रारबाईने त्यांना शाबासकी दिली, निरीक्षण असंच करावं असं वर्गाला सांगितलं आणि तुरटी कमी पडली हे सरळ कबूल केलं. परीक्षकांची मान किंचित हलली. बहुधा कौतुकाने.

“बाई, फळ्यावर तारीख राहिली,” मागून मार्गदर्शक सर म्हणाले.

“रोल नंबर वीस, हात वर करून बोलावं.”

सरांनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि हात वर केला. “बाई, तारीख राहिली.” तिने तारीख लिहिली. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ‘बाई’ एवढ्या नम्रपणे निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. पंचवीस मिनिटं उलटली होती. आता दहाच उरली. आपण हे पार पाडणार असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि घात झाला तो इथेच.

रोल नंबर पंधरा, म्हणजे कारकून, तोवर दोनदा बाहेर जाऊन आला होता. पाण्याला जाऊ का, लघवीला जाऊ का, असं रीतसर विचारून. सहावीतल्या मुलाचं काम तो मन लावून करत होता, म्हणजे त्याच्या टेबलावरचं रोजचंच काम करत होता. तो जागेवर बसलेला बघून तक्रारबाईने अगदी मायेने विचारलं, “रोल नंबर पंधरा, पाणी शुद्ध करायचे तीन प्रकार सांग बरं.”

कारकुनाची तंद्री लागली होती. समोरून बाईमाणसाचा आवाज आला आणि काहीतरी विचारतोय, एवढंच त्याला कळलं. बावीस वर्षांच्या सवयीने त्याने मान वर न करता उत्तर दिलं.

“उद्या या.”

वर्ग खो खो हसला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

“उद्या?” तक्रारबाई म्हणाली. आवाज सुरुवातीला लहानच होता. “उद्या या? या परीक्षेच्या अर्जासाठी अकरा वेळा आले मी तुमच्या टेबलाशी. प्रत्येक वेळी उद्या. एकदा साहेब नाहीत, एकदा शिक्का नाही, एकदा शिक्का आहे तर शाई नाही. माझा फोटो दोनदा हरवलात. तिसऱ्यांदा माझ्या अर्जावर भलत्याच बाईचा फोटो चिकटवलात, आणि मी दाखवला तर म्हणालात, साधारण अशाच दिसता की. मी अकरा वर्षं खिडकीत बसले, पण समोरच्याला उद्या या असं एकदा, एकदासुद्धा म्हटलं नाही. तुमच्यापेक्षा ही टाकी बरी. ती निदान एकदाची फुटली तरी. उभे राहा. बाकावर उभे राहा.”

कारकून बाकावर उभा राहिला. रखवालदारही उभा राहिला, काही कारण नसताना. मावशी एवढंच म्हणाल्या की बरोबर बोलल्या बाई.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. “बाई, सहावीतल्या मुलाचा अर्ज नसतो,” ते म्हणाले. “तुम्ही विद्यार्थ्यावर नाही, कारकुनावर रागावलात. इतर मुद्द्यांत मी तुम्हाला चांगले गुण दिलेत, हे सांगतो. पण आठव्यात शून्य.”

सव्वातीन वाजले होते. तक्रारबाई खुर्चीवर बसली. आपण आता पुन्हा दोन वर्षं या लोकांची तोंडं बघणार, सोमवारी ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार, आणि हे सगळं एका ‘उद्या या’पायी, या विचाराने तिला रडू यायला हवं होतं. पण ती इतकी चिडली होती की रडायला फुरसत नव्हती.

निकाल कार्यालयाच्या नोंदवहीत चढवायचा, तिने त्याखाली सही करायची, की संपलं. परीक्षक, तक्रारबाई आणि कारकून कार्यालयात आले. परीक्षकांनी तिच्या अर्जाचा क्रमांक मागितला. कारकुनाने एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग टेबलाचा खालचा खण ओढला आणि तसाच वाकून राहिला.

अर्ज खणातच होता. पुढे गेलाच नव्हता.

परीक्षकांनी पुस्तक उघडलं. अर्जाची नोंद नसेल तर क्रमांक नाही, आणि क्रमांक नसेल तर गुण चढवता येत नाहीत. नोंदवही चारला बंद होते. तोवर नोंद झाली नाही, तर आजचा पाठ झालाच नाही असं धरावं लागेल. हे ते स्वतःशीच, वैतागून वाचत होते. त्यांना साडेचारची गाडी गाठायची होती आणि केंद्राचा अहवाल अपुरा न्यायचा नव्हता. पण तक्रारबाईने शब्दन् शब्द ऐकला. पाठ झालाच नाही म्हणजे तिसरी संधी गेलीच नाही. सोमवारची जागा जाईल ती जाईल, पण दोन वर्षं वाचतील. फक्त या माणसाने चारपर्यंत नेहमीसारखं काम करायला हवं होतं.

ती समोरच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली. “सावकाश होऊ द्या,” ती कारकुनाला म्हणाली. “घाईत चुका होतात.”

कारकुनाने तिच्याकडे संशयाने बघितलं. मग नवीन पान काढलं, पट्टीने समास आखला, समास वाकडा आला म्हणून पान बदललं. पेन चालेना. दुसऱ्या पेनाचं टोपण सापडेना. तिचा पत्ता त्याने दोनदा विचारला, तिने तो दोनदा सांगितला, आणि तिसऱ्यांदा पिनकोडसकट आपणहून सांगितला. डिंकाची बाटली वाळली होती. त्यात पाणी घालायला तो उठला, तर टाकी फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. तो परत येऊन बसला आणि याबद्दल हळहळला. परीक्षकांचं घड्याळ मनगटावरून उतरून हातात आलं होतं. तीन पस्तीस, तीन चाळीस. तक्रारबाई एवढी शांत होती की तिचं तिलाच नवल वाटलं. तीन बेचाळीसला कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“साहेब, खरं सांगू का,” तो म्हणाला, “हे उद्या केलं तर नाही का चालणार?”

परीक्षकांच्या हातातलं नियमांचं पुस्तक टेबलावर आपटलं, इतक्या जोरात की खिडकीतून बघणारा रखवालदार पुन्हा सावधानमध्ये उभा राहिला.

“उद्या?” परीक्षक ओरडले. “तुम्हाला लाज आहे का? अर्ध्या तासात एक पान भरता येत नाही? समास कसले आखताय? बेअक्कल माणूस. तुम्हाला या खुर्चीत बसवलं कोणी? उठा. उभे राहा आधी. उभ्याने लिहा.”

कारकून दुसऱ्यांदा उभा राहिला. दुखावलेल्या माणसाची लेखणी कशी सरसर चालते, हे तिघांनी तेव्हा बघितलं. नाव, पत्ता, फोटो, क्रमांक, सगळं सहा मिनिटांत झालं. फोटो तिचाच निघाला. तक्रारबाईने घड्याळाकडे बघितलं, चार वाजायला अजून दहा मिनिटं होती. परीक्षक धापा टाकत गुण सांगत गेले आणि कारकून लिहीत गेला. आठव्या मुद्द्यापाशी तो थांबला.

“संयम, शून्य,” परीक्षक म्हणाले.

“साहेब, शून्य असेल तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

“लिहा, की शिक्षिका…” परीक्षकांनी सुरुवात केली.

कारकून पेन टेकवून वाट बघत होता. त्याचे डोळे ओले होते. “शिक्षिका कारकुनावर ओरडली आणि त्याला उभं केलं, असं लिहू?”

परीक्षकांनी उभ्या कारकुनाकडे बघितलं, टेबलावर उताण्या पडलेल्या नियमांच्या पुस्तकाकडे बघितलं आणि शेवटी तक्रारबाईकडे. ती हाताची घडी घालून बसली होती. ती काही बोलली नाही. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

“बाई,” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “या माणसाकडे तुम्ही किती वेळा आला होतात म्हणालात?”

“अकरा, सर.”

परीक्षकांनी आपला तक्ता समोर ओढला. टोपण काढलं आणि आठव्या मुद्द्यापुढच्या शून्याच्या आधी एक ठसठशीत एक लिहिला.

“दहा असले तर कारण लागतं का?”

“नाही, साहेब,” कारकून म्हणाला, आणि त्याने दहा लिहिले. चारला पाच मिनिटं होती. तक्रारबाईने सही केली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, दोघांचे आभार मानले आणि दार हळू लावून घेतलं.

बाहेर नवरा तिची वाट बघत उभा होता. काय झालं, त्याने विचारलं. ती पास झाली असं म्हणाली. संयमात दहापैकी दहा, असंही म्हणाली. तो आनंदाने हसला. मग ती फाटकापर्यंत काही बोलली नाही, आणि फाटक ओलांडल्याबरोबर तिने सुरुवात केली. पहिल्या बाकावर बसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, हजेरीला बोंबलायचं काय कारण होतं, मावशींना कोपराने ढोसत काय होतात, आणि एक ते शंभर आकडे मोजून कोणाचा राग आजवर गेलाय ते मला दाखवा. घर येईपर्यंत पाऊण तास ती बोलत होती. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती, पण त्यांतल्या एकाच्याही हातात गुणांचा तक्ता नव्हता.